असई: एका यादवीतील पक्ष आणि त्यांचे हेतू

मराठीत ‘पानिपत होणे’ असा वाक्प्रचार आहे. ‘असई होणे’ असा नाही. पानिपताने भाषेला बखरी दिल्या, नाटके-कादंबऱ्या दिल्या, तोतयाची कथा दिली आणि घरोघरी सांगितला जाणारा एक शोकही दिला. असईने शालेय पुस्तकातील इंग्रज-मराठे युद्धांच्या कोष्टकाला एक तारीख दिली, २३ सप्टेंबर १८०३. परिणामांचा विचार केला तर हे प्रमाण उलटे असावयास हवे होते. १७६१ च्या आघातानंतर दहा वर्षांनी मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. १८०३ च्या सप्टेंबरात दिल्ली आणि दख्खन या दोन्ही ठिकाणी जे हातचे गेले ते परत आले नाही. मग भाषेने पानिपत जपले आणि असई का टाकली? आमच्या मते याचे उत्तर पराभवाच्या आकारात शोधण्यात अर्थ नाही. पानिपतावर समोर अब्दाली होता, आणि शोक करावयाला तेवढे पुरेसे होते. असईच्या लढाईत मराठी पथके दोन्ही बाजूंना होती, आणि त्या काळचा सर्वांत कर्तबगार मराठा सेनानी दोन्हींपैकी एकाही बाजूला नव्हता. असा पराभव रडून मोकळे होण्याजोगा नसतो. त्याचा हिशेब करावा लागतो, आणि हिशेबाचे वाक्प्रचार होत नाहीत.

कल्पित तारामंडळांतील यादवी युद्धांच्या कादंबऱ्या आणि चित्रपट आजच्या विद्यार्थ्यांना चांगलेच परिचित असतात. त्यांत साम्राज्य असते, बंडखोर असतात, व्यापाऱ्यांचा संघ असतो, सीमेवरचे लुटारू असतात. प्रत्येक पक्षाला एक ध्वज आणि बहुधा एकच हेतू असतो. या प्रकारातील थोर लेखकांनी आपली आकाशे पृथ्वीवरच्या इतिहासातूनच उभी केली. आयझॅक आसिमॉव्ह यांनी ‘फाउंडेशन’मधील आकाशगंगाव्यापी साम्राज्याचा ऱ्हास रंगवताना गिबनचा रोमन इतिहास समोर ठेवला होता. आपल्याकडे जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत पानिपताचा निकाल फिरवून पाहिला. असईचा निकाल असाच फिरवावयाचा झाला तर नेमके काय बदलावे लागेल, असा प्रश्न आम्ही स्वतःस घालून पाहिला. एखादी गोळी इकडची तिकडे करून येथे भागत नाही. पक्षांचे हेतूच बदलावे लागतात. आणि बदलण्यापूर्वी ते समजून घ्यावे लागतात. या लेखात तेवढेच करावयाचे आहे.

प्रथम भूगोल. आजच्या जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात, भोकरदनच्या बाजूला, केळणा आणि जुई या दोन लहान नद्या एकमेकींना भेटण्यापूर्वी बराच काळ जवळजवळ समांतर वाहतात. त्यांच्या बेचक्यात असई हे गाव आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत या नगरीचे लोक होते. (हे येथे केवळ एवढ्यासाठी सांगितले की या मुलखाची कीर्ती लढाईपासून सुरू होत नाही.) जालना जिल्हा म्हणून आज जो प्रदेश आपण एका रंगात दाखवतो तो १९८१ साली आखला गेला. १८०३ साली हाच तुकडा नकाशावर गोधडीसारखा दिसला असता. जालन्याचा किल्ला आणि परगणा शिंद्यांचा. तेथून जेमतेम पंचवीस किलोमीटरवरचे अंबड होळकरांचे; तेथील बारव आजही अहिल्याबाईंच्या नावाने ओळखली जाते. अवतीभवतीचा पुष्कळ मुलूख निजामाचा. म्हणजे या यादवीतील दोन मुख्य पक्षांची ठाणी एका दिवसाच्या मजलीवर होती, आणि जो अधिपती दोघांवर मानला जाई तो पेशवा पुण्यात. हे सर्व एकाच मराठी राज्याचे अवयव आहेत असे कागदोपत्री सारेच मान्य करीत. कोणत्याही पक्षाने ते कधी नाकारले नाही, हे या यादवीचे पहिले वैशिष्ट्य होय. फुटून निघणे कोणालाच नको होते. प्रत्येकाला मध्यभागी जाऊन बसावयाचे होते.

मराठी इतिहासलेखनात अशा प्रसंगी एक शब्द तयार असतो: दुही. बखरकार दैवाला दोष देत, त्यांच्यानंतरच्या लेखकांनी दुहीला दिला. आम्हांस हा शब्द फसवा वाटतो. दुहीमुळे राज्य गेले असे म्हणणे म्हणजे तापामुळे अंग गरम झाले असे म्हणण्यासारखे आहे. जिचे कारण शोधावयाचे तिलाच कारण ठरवून आपण मोकळे होतो. शिवाय त्या शब्दात एक गृहीत दडलेले असते, ते असे की या माणसांना एकी सुचली नाही, किंवा ती त्यांच्या स्वभावात नव्हती. वस्तुस्थिती अशी की १८०३ च्या उन्हाळ्यात तिघेही एकीच्याच वाटाघाटी करीत होते. त्या का फसल्या हे पाहावयाचे तर सहा-सात वर्षे मागे पुण्यास जावे लागते.

सवाई माधवराव १७९५ च्या ऑक्टोबरात वारले. त्याआधी १७९४ च्या फेब्रुवारीत महादजी शिंदे गेले होते आणि गादीवर पंधराएक वर्षांचे दौलतराव आले होते. १७९७ च्या ऑगस्टमध्ये तुकोजी होळकर गेले. तीन वर्षांत तीन घरांचे कर्ते पुरुष नाहीसे झाले, आणि उरलेले एकटे नाना फडणीस हे वारसाच्या डावात इतके गुंतले की पंचाची जागा त्यांनाही राखता आली नाही. जे पुढे आले ते सारे तरुण होते. असईच्या दिवशी दौलतराव चोविशीच्या आसपास, यशवंतराव होळकर सव्वीस वर्षांचे, दुसरे बाजीराव अठ्ठावीसचे. वेल्स्लीच्या सोबत असलेला आणि पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला एल्फिन्स्टन तेव्हा चोवीसचाही झाला नव्हता. आपल्या मनातील चित्रात ही माणसे का कोण जाणे वयस्क आणि मुरलेली असतात.

दौलतरावांचा हेतू सांगताना सत्तालोभ हा शब्द लगेच सुचतो, आणि तो चूक आहे असे नाही. पण त्याच्या आड पगार उभा आहे. महादजींनी डी बॉयन याच्या हातून कवायती पलटणी उभ्या केल्या. त्या पलटणींनी उत्तर हिंदुस्थान जिंकला. जुना शिलेदार स्वतःच्या घोड्यावर येई, लुटीवर आणि जहागिरीवर जगे, पिकाच्या दिवसांत घरी जाई. कवायती शिपाई बारमाही असतो आणि त्याला दरमहा रोख लागते. रोख थांबली की तो धरणे धरून बसतो. दौलतराव पुण्यास वर्षानुवर्षे तळ देऊन राहिले याचे एक कारण असे की बाजीरावांना पेशवाईवर बसवण्याच्या बदल्यात कबूल झालेली कोटींच्या घरातली रक्कम वसूल झालेली नव्हती, आणि फौजेची थकबाकी दिल्याखेरीज तळ हलवणे कठीण होते. १७९८ साली दौलतरावांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पुणे शहरात जी वसुली केली, सावकारांना आणि दरबारातल्या माणसांना तापलेल्या तोफांना बांधण्यापर्यंत जिची मजल गेली, ती घाटग्यांच्या क्रौर्याची कथा म्हणून आपण वाचतो. ती थकीत पगाराचीही कथा आहे. पेशव्यांकडे पैसा नव्हता, म्हणून त्यांनी आपल्या प्रजेचा पैसा वसूल करण्याची मोकळीक आपल्या सरदाराला दिली. ज्या दिवशी हे घडले त्या दिवशी पुण्यात राज्य कोणाचे होते, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारावा असा आहे.

त्याच सुमारास शिंद्यांच्या घरातच दुसरी यादवी पेटली. महादजींच्या विधवांचा निर्वाह आणि मान यांवरून सुरू झालेला तंटा बंडापर्यंत गेला, लखबादादा लाडांसारखे जुने सरदार त्यांच्या बाजूस गेले, आणि यादवीच्या पोटात यादवी असे चित्र झाले. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

होळकरांच्या बाजूस हेतू अधिक साफ दिसतो, म्हणून कादंबरीला तो अधिक मानवतो. तुकोजींचे चार पुत्र. औरस काशीराव आणि मल्हारराव. विठोजी आणि यशवंतराव हे अनौरस. काशीराव दुबळे, त्यांनी भावाविरुद्ध शिंद्यांचा आश्रय घेतला. १७९७ च्या सप्टेंबरात शिंद्यांच्या फौजेने भांबुर्ड्याच्या होळकर छावणीवर छापा घातला, त्यात मल्हारराव मारले गेले. त्यांची गर्भवती पत्नी पुढे प्रसूत झाली. तो मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात राहिला. विठोजी आणि यशवंतराव निसटले. यशवंतरावांनी नागपूरचा आश्रय मागितला, तर रघूजी भोसल्यांनी त्यांना कैदेत टाकले. तेथूनही ते निसटले. येथे एक तपशील महत्त्वाचा आहे. अनौरस असल्यामुळे यशवंतराव स्वतःच्या नावाने होळकरांची गादी मागू शकत नव्हते. ते पुतण्याच्या, खंडेरावांच्या, नावाने लढले. म्हणजे ज्याच्या नावे त्यांचे सारे राजकारण उभे होते ते मूल शत्रूच्या छावणीत होते, आणि जी मान्यता त्यांना हवी होती ती पेशव्यांखेरीज कोणी देऊ शकत नव्हते. बंडखोर म्हणून रंगवलेल्या या पुरुषाला राज्य मोडावयाचे नव्हते. राज्याच्या शिक्क्याची त्याला इतर कोणाहूनही अधिक गरज होती.

तो शिक्का ज्यांच्या हाती होता त्या दुसऱ्या बाजीरावांविषयी मराठी वाचकांच्या मनात इतका ठाम निकाल झालेला आहे की हेतूची चौकशी करणेही बचाव केल्यासारखे वाटते. तरीही ती करू. राघोबांचा हा मुलगा वयाची वीस वर्षे होईपर्यंत बहुतेक नजरकैदेत वाढला. राज्यातील कर्ती माणसे ही आपल्याला कोंडणारी माणसे असतात, हे त्याचे शिक्षण. नानांनी त्याला गादीवर आणण्याचे ठरवले, टाळण्याचे ठरवले आणि पुन्हा आणण्याचे ठरवले. १७९६ च्या एकाच वर्षात हे सारे झाले. अशा माणसाला पुढे कोणत्याही वचनाची किंमत वाटली नसेल तर ते वचन देणाऱ्यांनीच त्याला शिकवले होते. तो ज्या भीतीने जगला तिला बावळट म्हणता येत नाही. पण भिणाऱ्याच्या हाती शिक्षेचा अधिकार गेला म्हणजे काय होते ते १८०१ च्या एप्रिलात दिसले. पकडून आणलेल्या विठोजी होळकरांस पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले.

ही शिक्षा क्रूर होती, ही गोष्ट वेगळी. त्या काळात क्रौर्याचा दुष्काळ नव्हता. तिचा राजकीय अर्थ आम्हांस अधिक गंभीर वाटतो. शिंदे-होळकर वैर नवे नव्हते. १७९३ साली लाखेरीला महादजींच्या पलटणींनी तुकोजींच्या फौजेचा धुव्वा उडवला होता. तरीही राज्य उभे राहिले, कारण पुण्यातील दरबार दोघांनाही आपला वाटत होता. सरदारांची वैरे असणे हा या राज्याचा दोष नव्हता, ती त्याची नित्याची हवा होती. त्या हवेत राज्य जगे ते एका सोयीवर: मध्ये एक असा असे की ज्याच्या शब्दावर दोन्ही पक्ष तलवार म्यान करू शकत. विठोजींच्या वधाने पेशवा पक्षकार झाला. त्यानंतर होळकरांस दाद मागावयास जागा राहिली नाही. १८०१ साली उज्जैनला होळकरांनी शिंद्यांच्या तुकड्या कापल्या, सर्जेरावांनी इंदूर लुटून त्याची फेड केली, आणि १८०२ साली यशवंतराव दक्षिणेस वळले.

२५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचे दिवस. हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजा एकीकडे, होळकर एकीकडे. दोन्हीकडे कवायती पलटणी, दोन्हीकडे गोरे अंमलदार. यशवंतराव जिंकले, आणि जिंकल्यावर काय करावे या प्रश्नाशी येऊन थांबले. त्यांना पेशवा हवा होता, पेशवा पळाला. त्यांनी परत बोलावले, तो येईना. मग अमृतरावांना पुढे करून त्यांच्या मुलाला पेशवा करण्याचा घाट घालावा लागला, पण ज्या शिक्क्यासाठी एवढा खटाटोप केला तो आपणच बनवून आपल्याच हाताने आपल्याला मारून घेण्यात अर्थ नव्हता, हे त्यांच्याही ध्यानात आले असावे. बाजीराव कोकणातून इंग्रजांच्या आश्रयाने वसईस पोहोचले आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी तैनाती फौजेचा तह केला. १७३९ साली चिमाजीअप्पांनी पोर्तुगिजांकडून घेतलेल्या वसईत त्यांच्या पणतूने हे करावे, हा योगायोग लेखकाने रचला असता तर आम्ही त्याला भडक म्हटले असते. (बाजीराव नात्याने चिमाजींच्या भावाचे नातू, पण ‘पणतू’ शब्द आम्ही घराण्याच्या तिसऱ्या पिढीच्या सैल अर्थाने वापरला आहे.) १८०३ च्या मे महिन्यात आर्थर वेल्स्लीने त्यांना पुण्यात आणून पुन्हा गादीवर बसवले.

आता मराठी राज्याचा मध्य इंग्रजांच्या हाती होता, आणि हे शिंद्यांना, भोसल्यांना, होळकरांना तिघांनाही कळत होते. रघूजी भोसल्यांनी मध्यस्थी केली. त्यांचा स्वतःचा हेतू सरळ होता: वऱ्हाड आणि कटक सांभाळावे, आणि जमल्यास पुण्याच्या पडत्या काळात नागपूरचे वजन वाढवावे. शिंद्यांनी होळकरांचा मुलूख आणि खंडेराव परत करण्याची तयारी दाखवली. यशवंतरावांनी मात्र आपली फौज नर्मदेच्या उत्तरेस नेली आणि ते युद्धापासून दूर राहिले. येथे आपले निवेदक थांबतात आणि मत्सर, सूड, दुही असे शब्द उच्चारतात. आपण मात्र यशवंतरावांच्या जागी बसून पाहू. समोरच्याने तुमचा भाऊ छाप्यात मारला, तुमचे शहर लुटले, आणि तुमचा पुतण्या सहा वर्षे ओलीस ठेवला. आज तो गरजेपोटी सर्व परत देऊ म्हणतो. इंग्रजांचा पराभव झाला तर उद्या त्याची गरज संपेल. त्यानंतर तो शब्द पाळील याची हमी कोण घेणार? पूर्वी पेशव्यांनी घेतली असती. आज पेशवा वेल्स्लीच्या छावणीच्या आश्रयास होता, आणि त्याच्या हातावर विठोजींचे रक्त होते. दौलतरावांनी बाजीरावांस लिहिलेले, इंग्रजांशी उरकल्यावर होळकरांचा समाचार घेऊ अशा आशयाचे एक पत्र मध्येच पकडले जाऊन यशवंतरावांच्या हाती पडले, अशी हकीकत इतिहासकारांनी दिली आहे. पण ते पत्र नसते तरी यशवंतरावांचा हिशेब तोच आला असता. वेल्स्लीनेही याच काळात होळकरांशी पत्रव्यवहार गोड ठेवला होता.

ऑगस्टात युद्ध सुरू झाले. वेल्स्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. (तो किल्ला तेव्हा शिंद्यांचा होता, आणि ते शहर आज अहिल्याबाई होळकरांच्या नावाने अहिल्यानगर म्हणून ओळखले जाते, शिंदे-होळकरांच्या हिशेबात काळाने टाकलेली ही एक रक्कम.) महिन्याच्या अखेरीस शिंदे-भोसल्यांचे घोडदळ कर्नल स्टीव्हन्सनला चुकवून अजिंठ्याचा घाट ओलांडून जालन्याच्या बाजूला आले. त्यांचा डाव हैदराबादेकडे मुसंडी मारण्याचा असावा. स्टीव्हन्सनने सप्टेंबरच्या आरंभी जालन्याचा किल्ला घेतला. २१ सप्टेंबरला वेल्स्ली आणि स्टीव्हन्सन यांची बदनापूरला गाठ पडली. दोघांनी दोन वाटांनी जाऊन २४ तारखेस एकत्र हल्ला करावा असे ठरले. पण २३ तारखेलाच वेल्स्लीला समजले की शत्रूची छावणी अपेक्षेपेक्षा बरीच जवळ, केळणेपलीकडे आहे. स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने पुढे जाण्याचे ठरवले.

नदीला उतार नाही, असे वाटाड्यांनी सांगितले. वेल्स्लीला पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावे नदीच्या समोरासमोरच्या काठांवर दिसली. दोन गावे अशी समोरासमोर असताना त्यांच्यात जा-ये नसेल हे शक्य नाही, असे त्याने ताडले, आणि तेथे उतार सापडला. सेनापतीच्या प्रतिभेचा नमुना म्हणून इंग्रजी ग्रंथांत हा प्रसंग सांगतात. आम्हांस त्यात दोन गावांमधील रोजची वहिवाट दिसते. सोयरिकी, बाजार, गुरे यांनी पाडलेल्या त्या पायवाटेने हिंदुस्थानच्या भवितव्याला वाट करून दिली.

वेल्स्लीबरोबर नदी ओलांडणारे सुमारे साडेचार हजार. पेशव्यांचे आणि म्हैसूरचे स्वार केळणेच्या दक्षिण काठावर पिछाडी राखण्यास ठेवलेले. पेशव्यांच्या वतीने या मोहिमेत बापू गोखल्यांची पथके होती. हेच बापू गोखले १८१८ च्या फेब्रुवारीत आष्टीला इंग्रजांशी लढताना पडले. देशद्रोही आणि देशभक्त असे दोन कप्पे करून इतिहास शिकवणाऱ्यांनी गोखल्यांना कोणत्या कप्प्यात ठेवावे? १८०३ मध्ये ते आपल्या धन्याच्या हुकुमात होते, १८१८ मध्येही होते.

समोर शिंद्यांच्या पलटणींचे नेतृत्व हानोव्हरचा पोलमन करीत होता. इंग्रज बाजूने उतरत आहेत हे दिसताच त्याने आपली सारी रांग काटकोनात फिरवून दोन नद्यांमध्ये उभी केली. वेल्स्लीला हे अपेक्षित नव्हते. तोफांनी ७४ व्या हायलँड पलटणीचा जवळजवळ निकाल लावला. संगिनींपुढे रांग मोडली, तेव्हा काही गोलंदाज तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि इंग्रज पुढे जाताच उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागू लागले. शिंदे-भोसल्यांचे प्रचंड घोडदळ मात्र लढाईत फारसे उतरलेच नाही. संध्याकाळपर्यंत ९८ तोफा वेल्स्लीच्या हाती पडल्या होत्या आणि त्याची पंधराशेहून अधिक माणसे मेली किंवा जायबंदी झाली होती. पुढे वॉटर्लूचा विजेता झालेल्या या माणसाला उतारवयात आपली सर्वोत्तम लढाई कोणती असे विचारले असता त्याने असईचे नाव घेतल्याचे प्रसिद्ध आहे.

त्या गोलंदाजांचा हेतू कोणता होता? पेशवाईचा मान, खंडेरावांचा ताबा, पुण्यातील वर्चस्व यांपैकी कशाशीही त्यांचा संबंध नव्हता. पलटणींत पुष्कळसे उत्तरेकडचे शिपाई होते. कंपनीने शिंद्यांच्या नोकरीतील आपल्या लोकांना फोडण्यासाठी जाहीरनामे काढले आणि अंमलदार सोडून गेले. उत्तरेत खुद्द पेराँने सप्टेंबरच्या आरंभी इंग्रजांचा आश्रय घेतला. ज्यांना यादवीत सर्वांत अधिक मिळवावयाचे होते ते पांगले, आणि ज्यांचा पगार थकलेला असे ते तोफेपाशी राहिले. आमच्या हेतूंच्या यादीत त्यांच्यासाठी रकाना नाही. तसाच तो त्या वर्षाच्या शेतकऱ्यांसाठीही नाही. फौजांच्या ये-जा आणि अवर्षण यांनी १८०३-०४ साली दख्खनेत भीषण दुष्काळ पडला.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी एक गोष्ट येथे नोंदवण्याजोगी आहे. ना. सं. इनामदारांनी ‘झुंज’ यशवंतरावांवर लिहिली आणि ‘मंत्रावेगळा’ दुसऱ्या बाजीरावांवर. दोन्ही नायक इतिहासाने बदनाम केलेले, आणि दोन्हींकडे लेखकाची सहानुभूती. ज्याने भाऊ गमावला आणि ज्याने त्या भावाला हत्तीच्या पायी दिले, त्या दोघांचेही मन एकाच लेखकाने आतून पाहिले. ऐतिहासिक कादंबरीवर व्यक्तिपूजेचा आरोप आपण नेहमी करतो, आणि पुष्कळदा तो रास्तच असतो. परंतु एकेकटी वाचली असता ही पुस्तके एकेका पक्षाची कैफियत वाटतात. वर्गात शेजारी ठेवून वाचली तर कैफियतींमधील मोकळी जागा दिसू लागते. त्या जागेत न्यायाधीशाची खुर्ची होती, आणि ती रिकामी होती. इंग्रजीत असईवर बर्नार्ड कॉर्नवेल यांची ‘शार्प्स ट्रायम्फ’ ही कादंबरी १९९८ पासून आहे. तिच्यातील लढाई थरारक आहे, पण मराठी पक्षांचे परस्परांशी काय बिनसले होते याची तिला फारशी गरज पडत नाही. ती गरज आपली आहे.

असईनंतर सारे वेगाने घडले. नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड. १७ डिसेंबरला देवगावचा तह करून भोसल्यांनी कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला; ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावी शिंद्यांनी दुआब, भडोच, अहमदनगर सोडले, आणि अजिंठ्याच्या डोंगरापासून गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडताना त्यात जालन्याचा किल्ला आणि परगणा नावानिशी लिहून दिला. १८०४ साली यशवंतराव एकटे इंग्रजांशी लढावयास उभे राहिले आणि त्यांनी मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली. तेव्हा शिंद्यांचे हात तहाने बांधलेले होते. १८०५ मध्ये सबळगडाच्या परिसरात शिंदे आणि होळकर अखेर एका छावणीत आले. त्या वेळी एकमेकांना परत करावे असे दोघांजवळ फारसे काही उरले नव्हते, आणि कदाचित म्हणूनच हमीदाराची गरज भासली नसावी. त्या डिसेंबरात होळकरांनीही तह केला. त्या तहात अंबड त्यांना काही मुदतीनंतर परत मिळावयाचे होते. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा दक्षिणेतील मुलूखही गेला. जालना आणि अंबड, शिंद्यांचे आणि होळकरांचे, दोन्ही निजामाच्या राज्यात गेली आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत तेथेच राहिली.